टोपडं घातलेला पहारेकरी

मित्रांनो, जरा मान वर करा. छताला चिकटलेली ती पिवळट पडलेली गोल डबी दिसली? तो मी. मी एक जुना स्मोक अलार्म आहे. धुराची चाहूल लागली की बोंब ठोकायची, एवढंच माझं काम. नॉटिंगहॅममधल्या या भाड्याच्या घरात, स्वयंपाकघराच्या दाराबाहेरच्या पॅसेजमध्ये, मी नऊ वर्षं उलटा लटकतो आहे. उलट्या जगाने आधीच डोकं गरगरतं, त्यात माणसांचं वागणं!

कारखान्यात माझ्या पोटावर बारीक इंग्रजी अक्षरं उमटवली, तेव्हा तिथल्या बाईंनी माझं बटण दाबलं. मी जीव खाऊन ओरडलो. त्या हसून 'गुड' म्हणाल्या. ओरडल्याबद्दल मला मिळालेली ती पहिली शाबासकी, आणि पुढे कित्येक वर्षं शेवटचीच.

चार वर्षांपूर्वी इथे शार्दूल आणि श्रद्धा राहायला आले. दोघंही सॉफ्टवेअरवाले, सोबत छोटी उर्वी. पहिल्याच दिवशी श्रद्धाने मिरचीची फोडणी दिली आणि मी इमानदारीत ओरडलो. शाबासकी कसली! श्रद्धा माझ्यावर टॉवेल हलवत ओरडली, "अरे, गप्प बस ना!" मिरचीच्या ठसक्याला धूर म्हणायचं की नाही, हे मला आजतागायत कळलेलं नाही. शेवटी शार्दूलने हॉटेलातून आणलेली प्लास्टिकची शॉवर कॅप माझ्या डोक्यावर चढवली. फोडणीपुरती घालायची आणि लगेच काढायची. अपमानच तो, पण घडीभराचा.

मग नागपूरहून आशाआजी आल्या, शार्दूलच्या आई. सहा महिन्यांसाठी. वस्तू जपण्यात त्यांचा हात कोण धरणार! आठवडाभरात मिक्सरला, रिमोटला, सूटकेसला अभ्रे चढले. मग त्यांची नजर वर गेली.

"बिचाऱ्याला सगळा तेलकट धूर लागते गं बाई. आणि डोक्यावर ही फाटकी पिशवी!"

त्यांनी जुन्या सुती साडीचं दुहेरी टोपडं शिवलं, कडेला इलॅस्टिक घालून. श्रद्धा म्हणाली, "आई, ते नंतर काढायला हवं हं," आणि मीटिंगला पळाली. टोपडं राहिलं ते राहिलंच.

खरं सांगू? मला भरून आलं. नऊ वर्षांत कोणी माझी धूळसुद्धा पुसली नव्हती. इतकं मऊ, इतकं मायेचं काही अंगावर आलंच नव्हतं. पण आत मला काही म्हणता काही कळेना. कुठला वास, कुठला धूर! मी पहारा देतोय की माझ्यावरच कोणी पहारा ठेवलाय? सुखात आहे की संकटात? विचार करून करून डोक्याचा भुगा झाला.

एका शनिवारी शार्दूल आणि श्रद्धा बाजारात गेले होते. आठ वर्षांच्या उर्वीला शाळेचा अभ्यास होता: काळजी घ्या, सावध राहा, सांभाळा, असं सांगणारे दहा इंग्रजी शब्द घरातल्या वस्तूंवर शोधायचे. आजींनी शंकरपाळ्यांसाठी कढईत तेल ठेवलं आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. बाहेर टांगलेल्या कोटांना तळणाचा वास लागू नये, हा या घरचा नियमच. तेवढ्यात उर्वीने हाक मारली आणि आजी समोरच्या खोलीत गेल्या.

ब्लीचच्या बाटलीवर 'कॉशन' सापडलं, इस्त्रीवर 'वॉर्निंग', उन्हाच्या क्रीमवर 'प्रोटेक्ट', पार्सलच्या खोक्यावर 'हँडल विथ केअर'. प्रत्येक शब्दाला आजी विचारत, "म्हणजे काय गं?" उर्वी सांगे, आणि आजी म्हणत, "म्हणजे जपा! एवढ्याला इतके शब्द?" मी वरून ऐकत होतो. इतके सगळे शब्द असलेल्या घरात मी नाक बांधून लटकलो होतो.

"आजी, माझा एकच शब्द राहिला," उर्वी रडकुंडीला आली.

आजी पॅसेजमध्ये आल्या. इकडे तिकडे पाहिलं, मग वर. "याच्यावर असंल काही. माझ्या टोपड्याखाली पाहा बरं!"

त्यांनी खुर्ची घट्ट धरली, उर्वी चढली आणि टोपडं ओढलं. त्याच क्षणी दाराच्या फटीतून निघून छतालगत साचलेला धूर भसकन माझ्या नाकात शिरला. मित्रांनो, असा ओरडलो, असा ओरडलो, की उर्वी घाबरून आजींच्या अंगावरच उतरली.

"काहून बोंबलतो रे बाप्पा? फोडणी तर नाही दिली अजून..." आणि आजींचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं माय! तेल!"

दार उघडलं तर आत काळाकुट्ट धूर. आणखी थोडा वेळ, आणि कढईने पेट घेतला असता. आजींनी पदर नाकाला लावून गॅस बंद केला, दार ओढून घेतलं आणि नातीला कवटाळून रस्त्यावर धाव घेतली. शार्दूल आणि श्रद्धा परतले तेव्हा दोघी फुटपाथवर बसलेल्या होत्या.

"मी तर त्याला जपलं होतं रे," आजी रडत पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "जपलं होतं ना मी?"

उघड्या दारातून मला सगळं ऐकू येत होतं. श्रद्धा त्यांच्या शेजारी बसली. "आई, मीही पाहून गप्प बसले. चूक माझीही आहे."

संध्याकाळी उर्वीने माझ्या पोटावरची अक्षरं वाचली. "डू नॉट कव्हर. म्हणजे झाकू नका, आजी." दहावी ओळ तिने तीच लिहिली. आजींनी टोपड्याची शिवण उसवली आणि त्याच कापडाने माझी नऊ वर्षांची धूळ पुसली.

बाळांनो, ज्याच्यावर माया आहे त्याला झाकून ठेवू नका. त्याला त्याचं काम करू द्या, मग ते कानाला कितीही कर्कश लागो.

आता दर शनिवारी आजी लाटण्याच्या टोकाने माझं बटण दाबतात. मी घर डोक्यावर घेतो. आणि कानात बोटं घालून त्या नातीला ओरडून सांगतात, "गुड! गुड म्हण गं त्याला!"