ऑम्लेटआई आणि सरदार

"नाश्ता काय, कुठेही मिळतो. खरी मजा इथल्या रात्रीच्या जेवणात!" चष्मेवाला पाहुणा ताट पुढे करत बायकोला म्हणाला. "काल त्या सरदाराने मांस कसं कापलं, पाहिलंस ना?"

"पाहिलं. नाश्ता अगदीच मिळमिळीत वाटतो त्यापुढे," बायको म्हणाली.

नाश्त्याला ऑम्लेट करणारी म्हणून सगळे जिला ऑम्लेटआई म्हणत, तिने तव्यावर अंडी ओतली. सरदार तिचाच मुलगा होता.

रिसॉर्टचं हे हॉटेल म्हणे आफ्रिकेच्या धर्तीवर सजवलेलं. छपराला प्लॅस्टिकचं गवत, भिंतीवर लाकडी मुखवटे, खुर्च्यांना झेब्र्याचे पट्टे. आफ्रिका तिथल्या एकानेही पाहिली नव्हती, अगदी मालकानेसुद्धा. सकाळी या हॉलमध्ये अंडी, पाव, फळं, सगळं बेताचं. रात्री मात्र ढोल, मशाली आणि मधोमध निखाऱ्यांवर भाजलेलं मांस. ठिपक्यांचं कापड गुंडाळून, डोक्यावर पिसांचा मुकुट घालून, टोळीचा सरदार बनून तिचा मुलगा तिथे सुरा फिरवायचा. पाहुणे त्याच्यावर फिदा होते. दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, हे फक्त त्याच्या आईला आणि बायकोला ठाऊक होतं. ती रात्री तिथेच सॅलडच्या टेबलावर असायची आणि सकाळी सासूच्या हाताखाली.

पाहुण्यांची गर्दी ओसरल्यावर ऑम्लेटआईने तिच्यापुढे बशी सरकवली. "पाव मऊ आहे, खा गं."

"नको आई. चावता येत नाही."

सासूने तिची हनुवटी वर केली. जबडा काळानिळा पडला होता.

"परत मारलं? आता काय झालं होतं?"

"एका पाहुण्याच्या बोलण्यावर हसले."

आजवर ऑम्लेटआई मलम लावायची आणि म्हणायची, पदरी पडलं पवित्र झालं. पोरीने किती दिवस तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला होता! आज ते शब्द सासूच्या तोंडून फुटेनात. तिला स्वतःचीच शिसारी आली.

संध्याकाळी भांडी घासणारी बाई आली नाही, म्हणून मॅनेजरने ऑम्लेटआईला थांबवून घेतलं. घासलेले तवे ठेवायला ती हॉलमध्ये आली, तेव्हा ढोल टिपेला पोचला होता. तेवढ्यात सुनेच्या हातातलं सॉसचं भांडं कलंडलं आणि सॉस सरदाराच्या पायावर सांडला.

"डोळे फुटले का तुझे?"

त्याने सुऱ्याच्या मुठीने तिच्या दुखऱ्या जबड्यावरच हाणलं. ती टेबलावर कोसळली. काचा फुटल्या, तोंडातून रक्त आलं. पाहुण्यांना वाटलं, हा खेळातलाच भाग. टाळ्या पडल्या तसा त्याला चेव चढला. केस धरून त्याने तिला निखाऱ्यांकडे ओढलं आणि सुरा उगारला.

ऑम्लेटआईने हातातला लोखंडी तवा त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडलेलं तिच्या हाताला कळलं. सुरा खाली पडला.

"म्हातारे, तुलाच संपवतो!" दुसऱ्या हाताने आईचा गळा धरून त्याने तिला भिंतीवर आपटलं. दोन मुखवटे खाली आले. तिचा श्वास कोंडला. तिने पुन्हा तवा हाणला, या खेपेला कपाळावर. मुकुट निखाऱ्यांत पडला आणि तो गुडघ्यांवर आला. ढोलवाल्याला काही कळेना, तो अधिकच जोरात बडवू लागला. लोक मोबाइल वर धरून शिट्ट्या मारत होते.

"शिट्ट्या कसल्या मारताय?" ती किंचाळली. "पोटचा मुलगा आहे हा माझा!"

ढोल थांबला. जळक्या पिसांचा वास सुटला होता. मॅनेजर धावत येऊन कानाशी लागला, "आई, घरातलं भांडण आहे. घरातच मिटवा."

"घरातच मिटवत आले इतकी वर्षं," ती म्हणाली. "आता पोलिसांना बोलवा. साक्ष मी देते."

सकाळी ती पुन्हा तव्यासमोर उभी होती. गळ्यावर बोटांचे वळ, भिंतीवर आपटून मुरगळलेला उजवा हात बांधलेला. घरी बसून काय करणार होती? ओठाला टाके पडलेली सून अंडी फोडून देत होती आणि ती डाव्या हाताने उलथत होती. एका नव्या पाहुण्याने विचारलं, "रात्री इथे मारामारीचा खेळ असतो म्हणे?"

"आता नसतो," ती म्हणाली. "कांदा घालू का?"

तो ताट घेऊन गेला. तव्यावरची नजर न काढता तिने हळूच विचारलं, "चौकीत त्याला नाश्ता देतात का गं?"

सुनेचा हात थांबला.

"देत असतील, आई," ती म्हणाली आणि तिने पुढचं अंडं फोडलं.