ज्वारीचे दोन ढीग

आदिनाथचं लग्न काल लागलं, पाहुणे आज सकाळी पांगले आणि दुपारी त्याच्या धाकट्या बहिणीनं, अयोध्यानं, वडिलांना गाठलं. चाकूरजवळच्या त्या घरात सटवाजीआप्पांना काही मागायचं तर त्यांचं पोट भरलेलं असतानाच. नांदेडला एमएस्सीच्या प्रवेशाची उद्या शेवटची तारीख होती.

"लातूरला तीन वर्षं फिजिक्सच शिकलीस न्हवं?" आप्पा म्हणाले. "दगड वर फेकला की खाली येतो. आता नांदेडला जाऊन काय येगळा दगड फेकणार हाईस?"

आई, कस्तुराबाई, तोंडाला पदर लावून हसली. अयोध्याच्या अंगाचा तिळपापड झाला, पण भांडायचं सोडून ती ताडकन उठली.

"येगळाच हाय तिथला दगड. दाखवतेच."

कूलरच्या रिकाम्या खोक्याच्या तळाला तिनं दोन फटी पाडल्या आणि ते दोन विटांवर ठेवलं. लग्नात उरलेल्या अक्षता, म्हणजे हळद लावलेली ज्वारी, आप्पांच्या ओंजळीत दिल्या. आप्पांनी त्या वरून ओतल्या आणि फटींखाली दोन पिवळे ढीग पडले.

"हे लातूरचं," ती म्हणाली. "आता नांदेडचं."

तिनं काचेच्या तुकड्यावर दिव्याची काजळी धरली आणि दोन ब्लेड एकमेकांना चिकटवून त्यांच्या धारेनं काजळीत ओरखडा ओढला. अगदी जवळजवळ दोन बारीक फटी तयार झाल्या. मग दोघांना धान्याच्या अंधाऱ्या खोलीत नेऊन तिनं दार लावलं आणि कालच्या वरातीत मिरवलेली लेसरची बॅटरी काढली.

"भिंतीवर ठिपके किती पडतील?"

"दोन. फटी दोन, ढीग दोन."

तिनं काच बॅटरीपुढे धरून बटण दाबलं. भिंतीवर लाल ठिपक्यांची रांगच लागली, मध्ये मध्ये काळोख सोडून. आई "अगं बया!" म्हणून ओरडली. अयोध्या तर नाचायचीच बाकी होती.

आप्पा मात्र थंड. "हिरीत दोन खडे टाकले की लाटा अशाच भिडतात. कुठं पाणी उचलतं, कुठं गप्प ऱ्हातं. तुझा उजेड लाट हाय. त्यात नवं काय?"

अयोध्याचा चेहरा पडला आणि लगेच फुलला. वडील नेमके हव्या त्या प्रश्नापाशी येऊन ठेपले होते!

"हाव आप्पा, लाट! पण ह्योच उजेड लई मंद केला की दाण्यादाण्यानं येतो. एक पडला की मगच दुसरा सोडायचा. जो तो अक्षतेसारखा कुठंतरी एका जागी पडतो. पण हजारो पडले की पुन्हा अशीच रांग! मग एकटा दाणा भिडला कुणाला? अन् कोणत्या फटीतून गेला ते बघाया पहारा बसवला, की रांग गायब!"

आप्पा पुढे सरकले. "दाखव."

"इथं न्हाई जमत. यंत्र लागतं."

"नांदेडला हाय?"

हो म्हटलं असतं तर काम फत्ते होतं. शब्द जिभेवर आलाही होता.

"ठाऊक न्हाई," ती म्हणाली. "अन् दाणा असं का करतो, ते यंत्रवाल्यांना बी धड सांगता येत न्हाई."

गेलं सगळं, असं वाटून तिनं बॅटरी विझवली. आप्पा मागे वळले. दार उघडून निघून गेले. तिला रडूच फुटायचं बाकी होतं.

थोड्या वेळानं ती बाहेर आली, तर आप्पा खोक्यापुढे उकिडवे बसलेले. चिमटीतून अक्षतेचा एकेक दाणा सोडत होते आणि तो कुठं पडतो ते वाकून बघत होते. ढीग दोनच होते.

"आपले दाणे सरळ हायत," वर न बघता ते म्हणाले. "अगं ए, पोरीची बॅग भर. अन् अयोध्या, त्यो एकटा दाणा कुणाला भिडतो ते कळलं, की सरांच्या आधी मला फोन करायचा."