मी बिनक्लचची गाडी

मित्रांनो, कडावच्या एका अंगणात शेवग्याच्या झाडाखाली राखाडी रंगाची एक लहानशी गाडी उभी असते. टपावर शेवग्याची फुलं पडलेली, मागच्या सीटवर बिस्किटांचा चुरा, डाव्या दारावर म्हशीच्या शिंगानं पाडलेला पोचा. ती गाडी म्हणजे मी. वय माझं बरंच झालं. रंगही उन्हानं फिका पडला. पण अजून चावी फिरवली की मी लगेच जागी होते, आणि मला जपणाऱ्या माणसांची गोष्ट सांगायचा हुरूपही माझ्यात शिल्लक आहे.

ज्या कारखान्यात मी जन्मले तिथे माझ्यासारख्या दिसणाऱ्या पुष्कळ बहिणी एका रांगेत उभ्या होत्या. त्यांच्या पायाशी तीन पेडल होती: क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर. माझ्या पायाशी दोनच. माझे गिअर बदलायला कुणाचा पाय लागत नाही. माझ्या पोटात तेलात बुडालेली एक पेटी आहे, ती वेग आणि ओझं पाहून आपले आपण गिअर बदलते. तेव्हा अशा गाड्या थोड्या होत्या. दुकानात आलेले लोक वाकून आत बघायचे आणि "एक पेडल बसवायचं राहिलं की काय?" असं विचारायचे. मला तेव्हा फार ओशाळल्यासारखं व्हायचं.

मला पहिल्यांदा घरी नेलं ते ठाण्याच्या गोदाताईंनी. त्यांनी मला कधी धसमुसळेपणानं वागवलं नाही. पुढे त्यांना नीट दिसेनासं झालं, तेव्हा त्यांनी माझ्यासाठी चांगलं घर शोधलं. ते घर कडावच्या किरणचं. किरण नोकरीला गुजरातेत, महिन्यातून एकदा घरी येणारा. त्याची बायको समिधा साजगावच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला. शेताच्या बांधावरून घसरून तिचा डावा घोटा मोडला होता. आत लोखंडी पट्टी बसवली होती. गाडी चालवायला ती आधी शिकली होती, पण आता क्लच दाबला की त्या घोट्यातून कळ यायची. म्हणून किरणनं मुद्दाम माझ्यासारखी शोधली.

मला न्यायला आले त्या दिवशी गोदाताईंनी समिधाला शेजारी बसवलं आणि माझ्या गिअरच्या दांड्यावर हात ठेवून एकेक अक्षर समजावलं. "पी म्हणजे उभी राहिलेली, चाकं आतून अडकवलेली. आर म्हणजे मागे. एन म्हणजे मोकळी, इंजिनाचा आणि चाकांचा संबंध तुटलेला. डी म्हणजे पुढे, रोजचं चालणं. दोन आणि एल हे घाटाचे, खालच्या गिअरात धरून ठेवणारे."

"आणि हे बटण?" दांड्याच्या कुशीतल्या बटणावर बोट ठेवून समिधानं विचारलं.

"ते ओव्हरड्राइव्हचं. ही चार गिअर टाकते. चौथा म्हणजे ओव्हरड्राइव्ह. रस्ता सपाट आणि मोकळा असला की चाकं पळतात आणि इंजिन मात्र सावकाश फिरतं. पेट्रोल वाचतं, आवाज कमी. पण चढाला तो गिअर दुबळा आणि उताराला निसटता. तेव्हा हे बटण दाबायचं. पिवळा दिवा लागेल. बिघाड नव्हे गं तो. चौथा बंद आहे, ही तिसऱ्याच्या वर जाणार नाही, एवढंच तो सांगतो."

बाहेर किरणचा थोरला भाऊ रूपेश चाकांना लाथ मारून हवा बघत होता. कशेळे-कर्जत रस्त्यावर त्याची प्रवासी जीप चालते. तो खिडकीतून म्हणाला, "ताई, मी मिशी फुटल्यापासून गाडी चालवतोय. गाडी ती गाडी. तिला काय शिकायचं?"

गोदाताई हसल्या. समिधा मात्र हसली नाही. ती दांड्याकडे बघत ओठातल्या ओठात अक्षरं घोळवत होती.

मित्रांनो, पहिले काही दिवस तिनं माझे हाल केले, आणि मी तिचे. वळण आलं की तिचा डावा पाय सवयीनं क्लच शोधायचा. तिथे असायचा ब्रेक. पाय जोरात पडला की मी नाक घासून थांबायचे. मागे आजीच्या मांडीवर बसलेल्या तिच्या लहानग्या साईराजच्या हातातलं बिस्किट पुढच्या सीटवर येऊन पडायचं. ती आजी म्हणजे समिधाच्या सासूबाई, धोंडूबाई.

"समिधा गं, आमी भात झोडतो तसं झोडू नको आमाला."

"आई, चुकून पडला पाय."

"मग त्या पायाला घरी ठेवून येत जा."

समिधानं जवळपास तसंच केलं. डाव्या पायातली चप्पल काढायची आणि तो पाय सीटच्या बुडाशी मागे ओढून घ्यायचा. उजवा पाय एकटाच काम करू लागला. मग मात्र आमचं जमलं. पळसदरीच्या चढावर ती बटण दाबायची, सपाटी आली की पुन्हा दाबायची, आणि मी चौथ्यात जाऊन सुस्कारा सोडायचे. माझा आवाज ऐकून काय हवंनको ते तिला कळायचं. रडण्यावरून साईराजला भूक लागली की झोप आली हे ती ओळखते ना, तसंच.

पूर्वी ती दोन गाड्या बदलून साजगावला जायची. घरी येईपर्यंत साईराज वाट बघून, रडून झोपून गेलेला असायचा. आता ती आली की तो जागा असायचा. माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यात चांगलं काम.

रूपेशला मात्र मी पटत नव्हते. तो मला "बिनक्लचची" म्हणायचा. दारात एक गाडी ठेवायची तर ती दहा माणसं बसणारी हवी, असं त्याचं म्हणणं. त्यानं माझ्यासाठी गिऱ्हाईकही बघून ठेवलं. एकदा पडवीत जेवताना तो म्हणाला, "साईराजचं जावळ काढायला कार्ल्याला जायचंच हाय. हिलाच नेऊ. खोपोलीचा घाट नीट चढली-उतरली तर ठेवू. नाय तर देऊन टाकू. खोटं बोलतोय का मी?"

समिधाच्या ताटातला भात तसाच राहिला. "दादा, मग मी कामाला कशी जाऊ?"

"आधी जायचीस तशी."

"आणि हा?" तिनं साईराजकडे बघितलं. रूपेशनं आमटीची वाटी पुढे ओढली. मी अंगणातून ऐकत होते. मित्रांनो, आपल्याला ठेवायचं की नाही हे माणसं आपल्यासमोरच बोलतात, तेव्हा फार जड वाटतं.

रविवारी निघालो; किरणला सुट्टी मिळाली नव्हती. स्टीअरिंगवर रूपेश, शेजारी धोंडूबाई, मागे साईराजला घेऊन समिधा. खोपोली मागे पडली आणि घाट लागला. रूपेशनं डी टाकला होता आणि ओव्हरड्राइव्ह चालूच होता. चढ उभा झाला की मी तिसऱ्यात यायचे, जरा रस्ता सैल झाला की चौथ्यात जायचे, चौथ्यात दम पुरेना की पुन्हा तिसऱ्यात. जायचं-यायचं, जायचं-यायचं. प्रत्येक वेळी एक हिसका.

"बघ, उचक्या लागल्यात हिला," रूपेश म्हणाला.

"दादा, ते बटण दाबा ना. मग ती एकाच गिअरात चढेल."

"दिवा लागतोय त्यानं. लाल-पिवळा दिवा लागला की गाडी थांबवायची असते, समिधा, लावायचा नसतो."

असे हिसके देत मी वर पोचले. कार्ल्याला एकवीरा आईच्या पायाशी साईराजचं जावळ निघालं. टक्कल केलेलं ते बाळ डोंगरावरून खाली येऊन माझ्या आरशात स्वतःला बघून खूप हसलं. मला मात्र हसू येत नव्हतं. उतार अजून बाकी होता.

कशेळ्याच्या बाजूचे बरेच जीपवाले उताराला गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. तेवढंच डिझेल वाचतं, असं ते मानतात. रूपेशचा हात तर उतार दिसला की आपोआपच दांड्याकडे जायचा. घाट उतरायला लागलो तसा त्यानं मला डीमधून एनमध्ये ढकललं.

मित्रांनो, त्या क्षणी माझा चाकांवरचा हात सुटला. गिअरात असताना उताराला मी इंजिनाच्या जोरावर चाकांना मागे ओढून धरते. एनमध्ये मी नुसती ओझं होते. सगळा भार ब्रेकवर. एक वळण, दुसरं वळण, पुढे ट्रक, मागे ट्रक. रूपेशचा पाय ब्रेकवरून उठेना. ब्रेक तापू लागले.

"रूपेश, काय जळतंय रं?" धोंडूबाईंनी पदर नाकाला लावला.

"ट्रकवाल्याचं असंल."

"ट्रक पुढं गेला कवाच. वास हितंच हाय."

रूपेशनं पुन्हा ब्रेक दाबला. तो नेहमीपेक्षा खोल गेला आणि मी नेहमीपेक्षा कमी थांबले.

"दादा, न्यूट्रल काढा," समिधा मागून म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण साईराजला तिनं दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. "डीत टाका आणि बटण दाबा. आत्ता."

यावेळी त्यानं ऐकलं. पिवळा दिवा लागला. मी तिसऱ्यात येऊन चाकं धरली, सगळा जोर लावून. वेग थोडा उतरला. शिंगरोबाच्या देवळाजवळ रूपेशनं उरलेल्या ब्रेकवर मला कडेला घेतलं. पुढच्या चाकांतून धूर येत होता.

सगळे उतरले. धोंडूबाई पाण्याची बाटली उघडून चाकाकडे निघाल्या.

"आई, नको," रूपेशनं हात धरला. "तापल्या लोखंडावर पाणी मारलं तर तडकंल. आपोआप निवू दे." एवढं बोलून तो दगडावर बसला. समिधानं साईराजला त्याच्या मांडीवर दिलं. पुतण्याच्या गुळगुळीत डोक्यावरून तो हात फिरवत राहिला.

चाकं निवली. रूपेश उठला आणि सवयीनं माझ्या उजव्या दाराकडे आला. तेव्हा धोंडूबाई म्हणाल्या, "चावी तिला दे."

"आई, घाट हाय."

"मला दिसतोय घाट. तू चालवलीस तवा पोर जागं होतं नि मी देवाचं नाव घेत होते. ही चालवते तवा पोर झोपतं. मला दुसरं काय कळत नाय गाडीतलं."

रूपेशनं चावी दिली.

समिधानं डावी चप्पल काढली, पाय मागे घेतला, उजव्या पायानं ब्रेक दाबून बघितला. पुन्हा घट्ट झाला होता. मग तिनं दांडा सरळ दोनवर आणला आणि मला हळूच उतारावर सोडलं. माझं इंजिन मोठ्यानं घुमू लागलं.

"समिधा, ओरडतंय ते," मागून रूपेश घाबरून म्हणाला.

"ओरडू दे, दादा. तिनं धरून ठेवलंय आपल्याला."

आणि खरोखरच मी धरून ठेवलं होतं. तापलेली, थकलेली, पण चाकांवरची पकड मी सोडली नाही. वळणाआधी ती ब्रेकला जरासा स्पर्श करायची आणि पाय उचलायची. मागचे ट्रक हॉर्न वाजवत होते. ती त्यांना वाट द्यायची, पण घाई करत नव्हती. खोपोलीच्या सपाटीला लागलो तेव्हा तिनं डी टाकला आणि बटण दाबलं. पिवळा दिवा विझला. मी चौथ्यात गेले आणि एकदम शांत झाले. त्या शांततेत साईराजचं घोरणं ऐकू आलं. तो काकाच्या खांद्यावर कधीच झोपला होता.

पळसदरी जवळ आली. मग रूपेश खोकला. "त्या गिऱ्हाइकाला मी नको सांगतो."

समिधानं मान हलवली. आरशात मला तिचे डोळे दिसले. ते भरले होते, पण नजर रस्त्यावरच होती.

"आणि ते दोनचं काय ते... मलापण एकदा दाखव," रूपेश म्हणाला.

"आधी तिचे ब्रेक नवे घालून आण," धोंडूबाई म्हणाल्या. "मग शीक."

दुसऱ्याच दिवशी त्यानं ब्रेक बदलून आणले. गिअरच्या पेटीतलं तेलही न सांगता बदललं.

मित्रांनो, जुन्या गाडीला थोडंसंच हवं असतं. मी पूर्ण थांबल्याशिवाय मला आरमध्ये ढकलू नका, दात दुखतात माझे. उभी करताना आधी हँडब्रेक ओढा आणि मग पी लावा, म्हणजे सगळा भार आतल्या एका लहानशा खिट्टीवर पडत नाही. तेल काळं होऊ देऊ नका. उताराला एन नको, कधीच नको. आणि एखादी गाडी तुमच्या गाडीसारखी नसली तर तिच्यात काही कमी आहे असं ठरवण्याआधी, तिला चालवायची रीत विचारून घ्या. माणसांचंही बहुधा असंच असावं. पण मी गाडी आहे, त्यातलं मला फारसं कळत नाही.

आता रोज संध्याकाळी मी शेवग्याखाली येऊन थांबते. समिधा हँडब्रेक ओढते, पी लावते, आणि उतरण्याआधी क्षणभर डोळे मिटून बसते. दिवसभरात तिचा स्वतःचा असा तेवढाच वेळ. तोवर साईराज पडवीतून धावत येतो. आधी माझ्या दिव्यावर थाप मारतो आणि मग आईकडे जातो. हा क्रम समिधाला फारसा आवडत नाही.