दोनातोकाकांची झोप

"टाक तो पलंगपोस बाहेर आणि मोकळी हो," फिलोमेनामावशी अंगणातून म्हणाल्या. "चांगला रेशमी आहे. पेटीत ठेवून उंदरांना घालणार आहेस का?"

मी वरच्या खिडकीत उभी होते. इन्कोरोनाताआजीच्या लग्नातला पिवळा पलंगपोस माझ्या हातात होता. मिरवणूक निघायला अवकाश होता. तिकडे चौकात बँडवाले एकेक सूर लावून बघत होते.

"मावशी, आजीला जाऊन अजून वर्ष नाही झालं."

"म्हणून काय? तू तिची लेक की सून? आजारी म्हातारीपाशी ठेवलेली पगारी बाई तू. पगारी बाईला कसला आलाय दुखवटा?" मग त्यांनी आवाज खाली आणला. "तुझ्याच भल्याचं सांगते, पारास्किवा. झडपा उघड्या दिसल्या की मिरवणुकीतली आई सरळ पुढं जाईल. ती वळली नाही, तर दोनातोला बोलता येणार नाही. उद्या दुपारचे बारा वाजले की घर तुझं."

मरियामातेच्या जन्मदिवशी आमच्या गावात घरोघरी खिडकीतून पलंगपोस सोडतात. फक्त वर्षभरात मयत झालेल्या घराच्या झडपा बंद असतात आणि दारात घरची बाई काळ्या कपड्यांत उभी राहते. त्या दाराशी खांदेकरी थांबतात आणि मातेचं तोंड दाराकडे वळवतात. तोवर त्या घराशी जमिनीची, घराची, भांड्याकुंड्यांचीही गोष्ट कोणी काढायची नसते. आई एकदा वळली की जिभा सुटतात. ती वळलीच नाही, तर वर्ष भरल्यावरच्या मिस्सेपर्यंत, म्हणजे देवळातल्या प्रार्थनेपर्यंत, सगळ्यांची तोंडं शिवलेली.

आणि मला एकाच तोंडाची भीती होती.

आजीच्या मुलानं, बेल्जियमला असलेल्या पास्क्वालेनं, घर मला विकायचं कबूल केलं होतं. शहरातल्या नोटरीबाई मला बघून हसल्या होत्या. "अहो, आमचा मोलिसे प्रांत खरोखर आहे की नाही, याची रोमवाल्यांनाच खात्री नाही. आणि तुम्ही मोल्दोव्हातून येऊन इथं घर घेताय?" मग त्यांचं हसू थांबलं होतं. घरामागचा भाजीचा वाफा दोनातोकाकांच्या शेताला लागून आहे. शेजारी स्वतः कसणारा असेल, तर कायद्यानं पहिला हक्क त्याचा. त्यांना रीतसर कळवलं गेलं होतं. उत्सवाच्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांनी हक्क सांगितला, तर घर आणि वाफा दोन्ही त्यांची. गप्प राहिले, तर माझं.

ते गप्प होते. पण तीनदा फाटकाशी आले, टोपी काढून उभे राहिले, बंद झडपांकडे पाहिलं आणि परत गेले. प्रत्येक वेळी मी खिडकीतून मागं सरायचे. कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं की त्यांच्या नातवाचं लग्न ठरलंय आणि त्याला घर नाही. दुखवट्याच्या घराला तोंडावर न सांगता हात लावतील, असे काका नव्हेत. आधी मला सांगतील, मग शहरात जातील. सांगायला त्यांना आई वळायला हवी होती.

"तुमचे तर ते दीर, मावशी," मी म्हटलं. "तुम्ही माझ्या बाजूनं का?"

"तुझ्या बाजूनं कुठं? माझ्या कानांच्या बाजूनं. तो नातू इथं राहायला आला की पहाटेपासून मोटारसायकल फुरफुरवत बसेल. तू निदान देवाचं नाव तरी हळू घेतेस."

त्या निघून गेल्या. मी झडपेचा आकडा धरून उभी राहिले.

माझ्या खोलीत कोपऱ्यात देवाची तसबीर आहे, मोल्दोव्हातून आणलेली. तिच्यासमोर रोज सकाळी दिवा लावते. बुधवार-शुक्रवार दूध-अंडं खात नाही. इतक्या वर्षांत एकही उपास चुकला नाही. त्या तसबिरीसमोर गुडघे टेकले, पण शब्द येईनात. घर मागावं असं मनात होतं. मागायची लाज वाटली. भीती तेवढी जाऊ दे, असं म्हटलं. ती काही गेली नाही.

पलंगाखाली बॅग भरून ठेवलेली होती. या वयात पुन्हा कुठल्या अनोळखी म्हाताऱ्याच्या उशाशी झोपायचं, कोणाच्या स्वयंपाकघरात मीठ कुठं आहे ते विचारायचं, हे आता नको वाटत होतं. पलंगपोस सोडायला लागणार होता एक क्षण. पाप तर नव्हतं. मावशी म्हणतात तेही खरंच होतं, मी पगारी बाई.

पण माझी स्वतःची आई गेली तेव्हा माझे इथले कागद झाले नव्हते. गावी गेले असते तर परत येता आलं नसतं. तिच्या दारात काळं नेसून कोण उभं राहिलं, मला माहीत नाही. त्या रात्री इन्कोरोनाताआजी, जिला धड उठता यायचं नाही, भिंत धरधरून माझ्या खोलीत आली आणि तिनं माझ्या खोलीच्या झडपा लावल्या. म्हणाली, "इथूनच दुखवटा पाळ. मरियाआईला सगळी दारं सारखीच."

मी पलंगपोसाची घडी घातली. झडपा ओढल्या, आकडा लावला. काळा रुमाल बांधून खाली दारात जाऊन उभी राहिले.

मिरवणूक वळणावर आली तेव्हा पहिल्यांदा दिसले दोनातोकाका. खांदेकऱ्यांचे पुढारी तेच. हातात बेचक्याची काठी, अंगावर पांढरा झगा. त्यांनी मान वर करून झडपांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आत पळावं. काठी वर गेली. खांदेकरी थांबले, त्यांच्याही बेचक्याच्या काठ्या दगडांवर आपटल्या, मूर्तीचे दांडे त्यांवर टेकले. बँड बंद झाला.

"वळवा," काका म्हणाले.

आई वळली. तिच्या गालावरचा रंग एका जागी उडालाय, ते मी इतक्या जवळून पहिल्यांदा पाहिलं.

रीतीप्रमाणे पुढाऱ्यानं विचारायचं असतं. काकांनी मोठ्यानं विचारलं, "या दारात दुःख कुणाचं?"

मागून कोणीतरी पुटपुटलं, "रशीण काय सांगणार?" मी रशियातली नाही. हे इथं कोणाला कधी पटवून देता आलं नाही.

"बोल गं," फिलोमेनामावशी गर्दीतून म्हणाल्या. "पोरं ताटकळलीत."

"माझं," मी म्हटलं.

कोणी हसलं नाही. काकांनी काठी एकदा दगडावर आपटली, आणि आई पुढे गेली.

दुपारी जेवणं झाल्यावर काका फाटकाशी आले. टोपी काढली. मी कापडानं हात पुसत उभी राहिले. हात कोरडेच होते.

"बस म्हणशील की नाही?"

"बसा ना, काका."

ते बाकावर बसले. "तीनदा आलो होतो. बोलता येत नव्हतं. नातवाला हे घर पाहिजे. त्याची होणारी बायको येऊन रस्त्यावरून बघूनसुद्धा गेली. सकाळच्या बसनं जाऊन मी नोटरीकडे हो सांगणार आहे."

"बरं, काका."

"बरं?"

"दुसरं काय म्हणू?"

त्यांनी टोपी गुडघ्यावर फिरवली. "झडपा उघड्या ठेवल्या असत्यास, तर मला आज बोलता आलं नसतं. फिलोमेना गावभर सांगत होती. तुला ठाऊक नव्हतं का?"

"होतं."

"मग?"

"आजीचं तेवढं राहिलं असतं."

काकांनी वाफ्याकडे पाहिलं. टोमॅटोचे शेवटचे घड लोंबत होते. मग उठले. "अलीकडे सकाळी जाग येत नाही मला," एवढंच म्हणाले. मला त्याचा अर्थ लागला नाही. ते दिवस उगवायच्या आधी शेतात असतात, हे मी रोज खिडकीतून बघते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या झडपा बंद होत्या.

शेतात ते नव्हते. चौकातून बसचा भोंगा ऐकू आला, बस घाट उतरून गेली. मी वरच्या खिडकीत, आतल्या अंगणात, पुन्हा फाटकाशी, अशी फिरत राहिले. दिवा लावला, प्रार्थना अर्ध्यात विसरले, पुन्हा पहिल्यापासून म्हटली. ते बसमधून गेले असतील. आता नोटरीबाईंच्या बाहेरच्या खुर्चीवर बसले असतील. आता सही करत असतील. बॅग पलंगाखालून काढून दाराशी आणून ठेवली, म्हणजे कोणी निघायला सांगण्याआधी आपणच तयार.

भिंतीपलीकडे त्यांच्या कोंबड्या ओरडायला लागल्या. काका एकटे राहतात, कोंबड्यांना सकाळी तेच दाणे टाकतात. आज कोणी टाकले नव्हते. ऊन वर चढलं तशा त्या भिंतीशी गोळा होऊन कलकलाट करू लागल्या. मला राहवेना. मक्याचे दाणे घेतले आणि आवाज होणार नाही अशा बेतानं भिंतीवरून टाकले. जणू चोरीच करत होते.

देवळाची बारा वाजताची घंटा झाली.

शेवटचा ठोका विरला आणि शेजारची झडप उघडली. मग दार. दोनातोकाका पायरीवर आले.

"म्हातारपण, दुसरं काय," ते म्हणाले. "इतका वेळ झोप लागली."

दाढी केलेली होती. अंगात लग्नाकार्याचा काळा कोट होता. बुटांना पॉलिश होतं, आणि नाड्या बांधलेल्या होत्या.

"कोंबड्यांना कुणी टाकलं?"

"मी, काका."

"बरं केलंस."

ते पायरीवर बसले आणि वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागले. गाठी घट्ट बसल्या होत्या. त्यांना बराच वेळ लागला.