समुपदेशनातला उपदेश

माझे बाबा शिंपी आहेत आणि गेले दोन महिने त्यांच्या हातून कापडाला कात्री लागलेली नाही. मापं घेतात, खडूने आखतात, कात्री उचलतात आणि ठेवून देतात. मग पुन्हा मोजतात. एका कोटाचं कापड त्यांनी इतक्यांदा आखलंय की त्यावर नुसतं पांढरं धुकं पसरलंय. रात्रभर कूस बदलत असतात. आई गिऱ्हाइकांना मशीन बिघडल्याचं सांगून वेळ मारून नेते. मशीन बिचारं ठणठणीत आहे.

आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, रोज संध्याकाळी येऊन उपदेशाचा डोस पाजते. मन घट्ट कर, सकाळी चालायला जा, लोकांची दुःखं बघ. बाबा मान डोलावतात आणि ती गेली की आणखी लहान दिसायला लागतात.

एके दिवशी शाळेतून येताना मला वाचनालयाच्या जिन्यात पाटी दिसली : ‘मोफत समुपदेशन केंद्र, दुसरा मजला, बुधवार व शुक्रवार.’ मी तर हवेतच. घरी पोचल्या पोचल्या एका दमात सगळं जाहीर करून टाकलं.

त्या आठवड्यातलं पहिलं पूर्ण वाक्य बाबा तेव्हा बोलले. “उपदेश ऐकायला दुसऱ्या मजल्यावर कशाला जाऊ? घरपोच मिळतोय की.”

आई फिस्सकन हसली. आत्याला ते चांगलंच झोंबलं. दोन महिने ती फुकटच सांगतेय, पण पाटी नाही लावली कुठे, असं काहीतरी पुटपुटली.

खरं सांगायचं तर मलाही शंका आली. त्या शब्दात उपदेश ठाण मांडून बसलाय हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मागच्या वर्षीची मी असते तर तिथेच गप्प बसले असते. तेव्हा मला हजेरी देतानाही घाम फुटायचा. यंदा वादविवाद स्पर्धेत तोंड उघडलं आणि आता ते मिटायचं नाव घेत नाही. त्यामुळे बुधवारी दप्तरासकट थेट दुसरा मजला गाठला.

आत टेबल, जराशा तिरक्या मांडलेल्या दोन खुर्च्या आणि पेन्सिलीला टोक काढत बसलेल्या बाई. मी सरळ विचारलं, तुम्ही उपदेश करता का? त्या हसल्या. या शब्दाने निम्मी माणसं जिन्यातूनच परत जातात, म्हणाल्या. त्या फक्त विचारतात, ऐकतात, माणसाला कुठे आवळतंय ते बघतात. गरज वाटली तर डॉक्टरांचा पत्ता देतात. आणि बोललेलं खोलीबाहेर जात नाही.

कुठे आवळतंय! माझी ट्यूब पेटली. धावत घरी आले.

“बाबा, त्या माप घेतात. तुमच्यासारखंच. गिऱ्हाइकाला तुम्ही कधी म्हणता का, आधी पोट आत घे, मग शिवतो?”

बाबांनी टेपचं टोक बोटाला गुंडाळलं. “आणि माप चुकलं तर?”

“मग कच्ची शिलाई कशाला असते? उसवायचं, पुन्हा जायचं.”

आता आत्या तुटून पडणार म्हणून मी कंबर कसून उभी होते. पण ती हळूच म्हणाली, “मला तरी दुसरं काय सुचत होतं रे. जा तू. दुकानात मी बसते.”

शुक्रवारी आम्ही गेलो. दाराशी बाबा थबकले. कडीवर हात तसाच ठेवून त्यांनी मला विचारलं, “आत रडू आलं तर?”

“तर रडा,” एवढंच मी म्हणाले. ते आत गेले.

बाहेरच्या बाकावर मी रसायनशास्त्राची एकच ओळ पाऊण तास वाचली. बाबा आले तेव्हा डोळे लाल होते आणि शर्टाच्या खिशात डॉक्टरांची चिठ्ठी होती. मागोमाग बाई वही घेऊन आल्या. पुढच्या आठवड्यात बुधवार सोयीचा की शुक्रवार, त्यांनी विचारलं.

“दोन्ही,” बाबा म्हणाले.

आठवड्याला एकाला एकच वेळ मिळते, बाईंनी समजावलं. बाबा जरा हिरमुसले, मग बुधवार ठरला. त्यांनी वही ओढून घेतली, स्वतःच्या हाताने नाव लिहिलं आणि कुणी न सांगता पुढे ‘नक्की’ असंही लिहिलं.