क्रौंचाची शेंडी

"आता सांगा, ह्या फळाला क्रॅनबेरी का म्हणतात?" ताईंनी रोजच्यासारखं विचारलं.

रसाच्या कारखान्यात आलेल्या लोकांना फिरवून सगळं दाखवायचं, हे त्यांचं कित्येक वर्षांचं काम. पायात गमबूट, डोक्यावर जाळीची टोपी आणि तोंडाची टकळी अखंड चालू. आज ज्येष्ठांची बस आली होती. मंडळी शेवटी मिळणाऱ्या फुकटच्या आंबट रसावर डोळा ठेवून माना डोलवत होती.

"क्रेन म्हणजे क्रौंच. लांब मानेचा पक्षी," ताई म्हणाल्या. "फळाचं सोडा, फूल बघा. पाकळ्या मागे वळलेल्या, पुढे चोच, आणि देठ म्हणजे मान. दलदलीत राहणाऱ्या जुन्या लोकांना त्यात क्रौंच दिसला, म्हणून हे क्रौंचाचं फळ. थांबा, हाताने करून दाखवते."

हा त्यांचा हुकमी एक्का. पण त्यांचा हात वर जायच्या आधीच पुढे उभ्या असलेल्या एका आजींनी मनगट वाकवलं, बोटं जुळवून चोच केली आणि करंगळी तेवढी ताठ उभी ठेवली.

ताईंचा हात अर्ध्यावरच थांबला; क्रौंच करताना त्यांचीही करंगळी अशीच ताठ असायची.

त्या करंगळीपायी मॅनेजरांनी त्यांना दहादा टोकलं होतं. अहो, क्रौंचाला शेंडी नसते. ताईंना पटायचं, पण हात ऐकायचा नाही. आईने क्रौंच तसाच शिकवला होता. आई छातीच्या दुखण्याने दवाखान्यात गेली ती तिकडेच वारली, असं आत्याने सांगितलेलं. ताई तेव्हा चार वर्षांच्या. आईचा चेहराही आठवत नव्हता, आठवत होती ती फक्त ही शेंडी.

"आजी, हे कुठे शिकलात?"

"शिकते कुठली! फळं तोडायला जायचे ना मी. माझी पोर जेवताना नाटकं करायची, मग हा पक्षी येऊन तिला घास भरवायचा. करंगळी माझी जन्माची अधू, मिटतच नाही. म्हणून तिला सांगितलं, ही त्याची शेंडी."

"मुलगी कुठे असते?" आवाज आपलाच आहे का, हे ताईंना कळेना.

"नाही राहिली गं. हे आधीच गेलेले. मी दवाखान्यात, आणि ती नणंदेकडे. तापाने गेली म्हणून नणंदेचा निरोप आला. बरी होऊन आले तर नणंदेच्या घराला कुलूप. तिला मूलबाळ नव्हतं, ठमीवर फार जीव होता तिचा. सोसवलं नसेल, म्हणून निघून गेली असेल बिचारी."

आज सकाळीच आत्या दारातून म्हणाली होती, "ठमे, डबा राहिला बघ." ज्या आत्याने न्हाऊमाखू घातलं, दुखण्याखुपण्यात उशाशी बसून राहिली, त्याच आत्याने दोन जिवंत माणसं एकमेकींसाठी मारून टाकली होती. ताईंना संताप यायला हवा होता. तो येईना. डोकं नुसतं बधिर झालं होतं.

"ताई, पुढे काय?" मागून कोणीतरी विचारलं.

पुढे धुण्याची टाकी होती. त्यांनी टाकी दाखवली, गाळणी दाखवली, रस वाटला. तोंड आपलं सवयीने बोलत होतं. आजींना पेला देताना त्या करंगळीकडेच बघत राहिल्या आणि अर्धा रस आजींच्या पदरावर सांडला.

"असू दे, धुतलं की जाईल," आजी म्हणाल्या.

बस सुरू झाली तशा ताई गमबुटांसकट पायऱ्या चढल्या. खालून मॅनेजर हाका मारत होते. आजींनी शेजारच्या सीटवरची पिशवी मांडीवर घेतली आणि ताई तिथे बसल्या.

"तुला कुठे उतरायचंय, पोरी?"

"मला ताप आलाच नव्हता," ताई म्हणाल्या.

आजींनी त्यांचा हात ओढून घेतला आणि करंगळी तेवढी ताठ उभी केली. ड्रायव्हरने माणसं मोजली आणि विचारलं, एक जण जास्त कसा?