मुंगीबाबांची साखरपरीक्षा

सभागृहाचं दार नऊला उघडायचं, पण आठपासूनच रांग जिन्यावरून उतरून कोपऱ्यावरच्या सायकलच्या दुकानापर्यंत पोचलेली असायची. रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात बाटली. कुणाची खोकल्याच्या औषधाची, कुणाची जॅमची, एका गृहस्थांची तर चक्क अत्तराची. बाटल्यांत काय आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे कुणी कुणाला विचारत नव्हतं आणि प्रत्येक जण पुढच्यापासून हातभर अंतर राखून होता. इतकी शिस्तीची रांग त्या शहरानं पाहिली नव्हती.

ही सगळी मंडळी मधुमेहाची. आणि आत, खोट्या फुलांच्या कमानीखाली, बसले होते मुंगीबाबा.

"मशीनला बॅटरी लागते!" बाबा माइकवर गरजले. "मुंगीला लागते का?"

"नाही!" सभागृह म्हणालं.

"प्रयोगशाळेचा रिपोर्ट चुकतो. मुंगी चुकते का?"

"नाही!"

"मुंगीनं आजवर कुणाकडून कमिशन घेतलंय का?"

यावर टाळ्या पडल्या. हा प्रश्न विचारतानाच बाबांचा शिष्य देणगीचा डबा घेऊन रांगांमधून फिरत होता, पण तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

व्यासपीठावर दोन टेबलं होती. डाव्या टेबलावर काचेची पेटी, तिच्यावर पाटी: 'निदान'. उजव्या टेबलावर तशीच पेटी, पाटी: 'मुक्ती'. दोन्ही पेट्यांत काळ्या मुंग्या. नवा रोगी आला की त्याच्या बाटलीतल्या लघवीचे चार थेंब बशीत घालून बशी डाव्या पेटीत सरकवायची. दोन मिनिटांत बशी मुंग्यांनी काळी व्हायची आणि बाबा दुःखानं मान हलवायचे. मग चाळीस दिवस बाबांचं चूर्ण. एकेचाळिसाव्या दिवशी उजव्या पेटीत परीक्षा. मुंग्या यायच्या, मिशा लावायच्या आणि तोंड फिरवून निघून जायच्या.

"साखर गेली!" बाबा ओरडायचे.

त्या दिवशी सासूबाईंचा एकेचाळिसावा दिवस होता. सोबत सूनबाई आली होती. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवण्याचं काम करायची. काचेवरचा केसाएवढा ओरखडा तिच्या नजरेतून सुटत नसे, म्हणून ती मुद्दाम पहिल्या रांगेत बसली होती. बाबांचे हात, शिष्याची बोटं, बशीची कड, सगळं तिनं डोळ्यांत तेल घालून पाहिलं. हातचलाखी काही दिसेना. सासूबाईंच्या बशीशी सात-आठ मुंग्या आल्या, हुंगून गेल्या. खरोखरच गेल्या.

"माते, सुई टाका!" बाबा म्हणाले.

व्यासपीठाच्या पायरीशी एक पत्र्याचा डबा होता. सासूबाईंनी पिशवीतून इन्शुलिनचं पेन काढलं आणि त्यात टाकलं. ठण्ण आवाज झाला. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. बारा वर्षं पोटात सुया टोचून घेतलेल्या बाईचं ते पाणी होतं. सूनबाईला त्या क्षणी बाबांचा राग आला, सासूबाईंचा आला नाही.

घरी आल्यावर मात्र वाजलं.

"आई, डॉक्टरीणबाईंना एकदा विचारून तरी घे," मुलगा म्हणाला. तो छापखान्यातून जेवायला आला होता, ते जेवण राहिलं बाजूला.

"तिला काय विचारायचं? ती मशीन लावणार आणि आकडा सांगणार."

"मग आकडाच तर हवाय!"

"मला नकोय. बारा वर्षं आकडेच ऐकतेय."

दोन दिवसांत सासूबाईंचा तांब्या भरभर रिकामा व्हायला लागला. तोंड कोरडं, पाय जड. "चूर्ण आतली घाण बाहेर काढतंय, बाबांनी सांगितलंच होतं," त्या म्हणायच्या. तिसऱ्या सकाळी सूनबाईनं पुन्हा विषय काढला तेव्हा त्या भडकल्या.

"माझ्यावर विश्वास नाही, बाबांवर नाही, मग कुणावर आहे? तुझ्या त्या कपाटातल्या मुंग्यांवर? विचार जा त्यांना!"

सूनबाईच्या घरी मुंग्या होत्या, ही गोष्ट खरी. दोन वर्षांपूर्वी दुकानाच्या शोकेसमध्ये तिला पंख गळालेली एक राणी मुंगी सापडली होती. तिनं ती काचेच्या नळीत ठेवली. नळीच्या तळाशी पाणी, त्यावर कापसाचा बोळा, दुसऱ्या तोंडाला आणखी एक बोळा. राणीनं अंडी घातली, काही न खाता पहिली पोरं वाढवली, आणि आता अडीचशे मुंग्यांचा संसार कपाटातल्या एका डब्यात थाटला होता. सासूबाई त्याला 'तुझं माहेर' म्हणत.

सूनबाईनं खरंच विचारायचं ठरवलं. सासूबाईंच्या बाटलीतले चार थेंब तिनं एका झाकणात घेतले आणि डब्यात ठेवले. दोघी वाकून बघत बसल्या.

एक मुंगी आली. तिनं मिशा लावल्या आणि निघून गेली. दुसरीनंही तेच केलं. दहा मिनिटं झाली, झाकण कोरंच.

"बघ!" सासूबाईंनी टाळी वाजवली. "तुझ्या माहेरची माणसंसुद्धा माझ्याच बाजूची!"

सूनबाईचं तोंड उतरलं. आपल्याच मुंग्या उलटल्या होत्या. खरंच साखर गेली असेल तर? आपण उगाच एका आजारी बाईचा आनंद हिरावतोय की काय? मग तिच्या मनात आलं, की या मुंग्या 'नको' म्हणाल्या, पण नेमकं कशाला नको म्हणाल्या?

तिनं उठून मधाची बाटली आणली आणि झाकणाशेजारी मधाचा एक टपोरा थेंब ठेवला.

मुंग्या आल्या, मिशा लावल्या आणि निघून गेल्या.

"आई," सूनबाई हळूच म्हणाली, "मधाची पण साखर गेली वाटतं."

सासूबाईंनी मधाच्या बाटलीत बोट घालून चाखून पाहिलं.

"कालच मी त्यांना पोटभर मध दिला होता. मुंगीला दोन पोटं असतात. एक स्वतःचं, एक सगळ्यांचं. बाहेर गेलेली मुंगी सगळ्यांच्या पोटात गोड भरून आणते आणि घरी येऊन तोंडानं दुसरीला भरवते, दुसरी तिसरीला. सगळ्यांचं भरलं, की आणलेलं घ्यायलाच कुणी उरत नाही. मग बाहेर गोडाचा डोंगर असला तरी कुणी ढुंकून बघत नाही. उपाशी असल्या, की एकीला सापडलं तरी ती घरी परतताना वास सोडत येते, आणि त्या वासावरून सगळ्या धावतात. बाबांच्या दोन पेट्या आहेत, आई. एक उपाशी, एक जेवलेली."

पण चाळीस दिवसांची श्रद्धा मधाच्या एका थेंबानं कशी विरघळेल?

"तुझ्या मुंग्या लाडावलेल्या," त्या म्हणाल्या. "बाबांच्या सिद्ध आहेत. चल, उद्या त्यांच्यासमोर होऊन जाऊ दे. पण बाटलीत साखरपाणी मी भरणार. तुझा हातसुद्धा लागता कामा नये. आणि बाबा खरे ठरले, तर हा डबा घरातून जाईल."

"आणि खोटे ठरले तर?"

"तर तू म्हणशील त्या मशीनवर बोट ठेवीन."

त्याच दिवशी बोट ठेवा, म्हणून सूनबाईनं हातापाया पडून पाहिलं, पण सासूबाई ऐकेनात. रात्रीपर्यंत त्यांचा चौथा तांब्या संपला होता.

सकाळी सासूबाईंनी स्वतःच्या हातानं वाटीभर पाण्यात अर्धी वाटी साखर विरघळवली. रंगासाठी कोऱ्या चहाचे दोन थेंब टाकले. बाटलीचं झाकण घट्ट लावून ती पदराखाली धरली.

सभागृहात त्यांच्या आधी निवृत्त पोस्टमास्तरांची परीक्षा झाली. तेही 'मुक्त' झाले आणि पायाच्या बँडेजकडे दुर्लक्ष करून आनंदानं लंगडत बाजूला उभे राहिले. मग सासूबाई वर चढल्या.

"माते, तुम्ही तर मुक्त झालात!"

"मनात शंका आली, बाबा. पुन्हा बघा."

बाबा उदारपणे हसले. चार थेंब बशीत पडले, बशी उजव्या पेटीत गेली. मुंग्या आल्या, हुंगून गेल्या.

"साखरेचा कण नाही!" बाबा माइकवर गरजले. "असेल तर मी हे आसन सोडीन!"

सासूबाई बशीकडे बघत राहिल्या. चेहऱ्यावरचा रंग आधी गेला आणि मग दुपटीनं परत आला.

"कण नाही?" त्या म्हणाल्या. माइक जवळच होता, त्यामुळे शेवटच्या रांगेलाही ऐकू आलं. "अहो, अर्धी वाटी साखर मी स्वतः घातलीय यात!"

सूनबाई व्यासपीठावर चढली, बाटली घेतली आणि सगळ्यांसमोर तोंडाला लावली. सभागृहातून "ईऽऽ" असा एकच आवाज उठला. दोन बायका खुर्चीवरून उठल्या. शिष्यानं डोळे मिटून घेतले.

"साखरपाणी आहे," ती ओठ पुसत म्हणाली. "खूप गोड झालंय."

पण बाबा तयारीचा गडी होता. "मुंगीला बाजारातली साखर दिसत नाही! तिला फक्त पापातून आलेली साखर कळते!"

"म्हणजे माझा मधुमेह पापाचा?" सासूबाई पुढे सरकल्या. "कोणतं पाप? सांगा ना! सगळ्यांसमोर सांगा!"

बाबांनी माइक शिष्याच्या हातात दिला. तेवढ्यात सूनबाई पोस्टमास्तरांकडे वळली. "काका, तुमची बाटली द्याल?"

शिष्य आडवा आला, पण पोस्टमास्तरांनी छत्रीच्या दांड्यानं त्याला बाजूला सारलं. "माझी बाटली आहे. मी कुणालाही देईन."

सूनबाईनं त्याच बाटलीतले चार थेंब नव्या बशीत घातले आणि बशी डाव्या पेटीत सरकवली, 'निदान' पाटीच्या. एक मुंगी आली. मग दहा आल्या. मग बशीची कड दिसेनाशी झाली.

टाळी कुणीच वाजवली नाही.

"उजवीकडच्या पेटीत रोज पोटभर गोड घालतात," सूनबाई म्हणाली. "डावीकडच्या उपाशी ठेवतात. बाटली कुणाचीही असो, कुठल्या पेटीत घालायची ते हे ठरवतात. बाकी काही नाही. आणि काका, या मुंग्यांवरही विसंबू नका. आजच रक्त तपासून घ्या."

या गडबडीत आसन रिकामं झालं होतं. दिलेला शब्द बाबांनी एवढा एकच पाळला, आणि तोही मागच्या दारानं. लोक पत्र्याच्या डब्याभोवती जमले आणि खाली मान घालून आपापली पेनं शोधू लागले. पण कुठलं कुणाचं, कोण सांगणार? आणि किती दिवस उघड्यावर पडलेलं? "यातलं एकही टोचू नका," सूनबाई ओरडून सांगत होती. "दवाखान्यात चला, नवीन घ्या."

डॉक्टरीणबाईंच्या मशीनवर सासूबाईंचा आकडा आला चारशे बारा. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी आधी सलाइन लावलं, इन्शुलिन सुरू केलं आणि मग म्हणाल्या, "आणखी दोन दिवस उशीर झाला असता, तर उठून चालत आला नसतात." पोस्टमास्तर शेजारच्याच खाटेवर होते. चूर्णाच्या भरवशावर त्यांनी परीक्षेआधीच महिनाभर औषध बंद ठेवलं होतं. पायाचा अंगठा काढावा लागला.

तिसऱ्या दिवशी भेटायला आलेली एक शेजारीण सासूबाईंच्या कानाशी लागली. बसस्टँडजवळ एक जण नुसत्या नाडीवरून साखर घालवतो म्हणे, आणि त्याचा गुण येतोच.

सासूबाई उशीला टेकून उठून बसल्या.

"आधी त्याला साखर खाल्लेला माणूस दाखव, मग उपाशी माणूस दाखव," त्या म्हणाल्या. "कुणी काय खाल्लंय ते सांगू नकोस. दोघांतला फरक ओळखला, तर पुढचं बोलू. ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे, तेच त्याला आधी विचारायचं, बाई. मी चाळीस दिवसांत एकदाही विचारलं नाही. आणि तो पास झाला, तरी सुई डॉक्टरांना विचारल्याशिवाय टाकायची नाही."

पलीकडच्या खाटेवरून पोस्टमास्तर म्हणाले, "हे त्या शेजारणीला जरा मोठ्यानं सांगा. सगळ्या वॉर्डाला ऐकू जाऊ दे."

सासूबाईंनी ते मोठ्यानं पुन्हा सांगितलं.